द्राक्षतोडणीचा दिवस

आंबा किंवा केळे तोडल्यानंतरही पिकविता येते. द्राक्षाचे तसे नाही. घड वेलीवरून उतरला, की त्यातील साखरेची वाढ तेथेच थांबते. त्यामुळे फ्रान्समध्ये वाइनसाठी द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तोडणीपूर्वी केवळ वाट पाहावी लागते. मण्यांत पाणी उतरून रंग धरू लागल्यापासून तोडणीपर्यंत सुमारे सहा आठवडे जातात. या काळात साखर चढते, आम्लता उतरते. घाई केली, तर वाइन आंबट व निःसत्त्व होते. फार थांबले, तर शरदातील पावसाने मणी तडकून घड कुजतात आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

बर्गंडी प्रांतात हा निर्णय पूर्वी एकेकट्या शेतकऱ्यावर सोपविला जात नसे. जाणकार मंडळी बागांची पाहणी करीत आणि त्यानंतर तोडणीचा दिवस जाहीर होई. त्याआधी घड तोडणाऱ्यास दंड होत असे. एकाच्या कच्च्या द्राक्षांमुळे साऱ्या गावाच्या वाइनचे नाव जाऊ नये, हा हेतू होता. अर्थात धर्मसंस्थेचा व जमीनदाराचा हिस्सा वसूल करणेही त्यामुळे सोपे जाई. शँपेन प्रांतात तर गावागणिक व वाणागणिक ही तारीख आजही ठरविली जाते, व त्यासाठी घडांचे नमुने आठवड्यातून दोनदा तपासतात.

या प्रथेचे एक अनपेक्षित फलित म्हणजे जुनी दप्तरे. तोडणीच्या मजुरांना दिलेल्या मजुरीचे हिशेब, नगरसभेचे ठराव इत्यादींवरून संशोधकांनी बोन या नगराच्या १३५४ ते २०१८ पर्यंतच्या तारखा जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. उन्हाळा कडक असेल, तर द्राक्षे लवकर पिकतात. म्हणून तापमापक नसलेल्या शतकांचे हवामानही या नोंदींतून कळते. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांना याची कल्पनाही नसेल! तोडणीची सरासरी तारीख १९८७ पर्यंत २८ सप्टेंबर होती. १९८८ पासून ती सुमारे १३ दिवस अलीकडे आली आहे. २००३ च्या उष्ण वर्षी तर तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली.

साहजिकच प्रतीक्षेचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी साखर भरण्याची वाट पाहिली जाई. आता उष्ण वर्षी साखर झपाट्याने चढते व आम्लता घटते. साल आणि बी मात्र पुरेशी पक्व झालेली नसतात. त्यांच्यासाठी थांबावे, तर वाइनमध्ये मद्यार्क वाढतो. नाशिक परिसरातील बागाईतदार ऑक्टोबरमध्ये छाटणी करीत असतात, तेव्हा बर्गंडीतील बहुतेक बागा आता रिकाम्या झालेल्या असतात.