प्रपंचदर्शन आणि परमेश्वरज्ञान

अंतराळातील दुर्बिणींनी टिपलेली छायाचित्रे पाहून दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, "हेच ईश्वराचे विराट रूप!" दुसरा म्हणतो, "एवढे आकाश धुंडाळले, देव कोठेही दिसला नाही." साधकाने या दोहोंचा शास्त्रदृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९५ च्या डिसेंबरात हबल दुर्बीण सप्तर्षींच्या तारकासमूहातील एका रिकाम्या भासणाऱ्या ठिकाणी दहा दिवस रोखून धरली होती. ते ठिकाण शंभर मीटरांवरील टेनिसच्या चेंडूएवढे लहान. तेथे विशेष काही दिसेल, असे काही तज्ज्ञांनाही वाटत नव्हते. परंतु त्या अंधारात सुमारे ३,००० दीर्घिका प्रगटल्या. २०२१ साली सोडलेली वेब दुर्बीण तर डोळ्यास अगोचर अशा अवरक्त किरणांनी याहूनही दूरच्या दीर्घिका पाहते. त्यांपैकी काहींचा प्रकाश तेथून १,३०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला आहे.

आता विचार. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. दीर्घिका कितीही दूर असो, किरण कितीही सूक्ष्म असो, तो प्रपंचच होय. त्यास ईश्वर मानणे हे अन्यथाज्ञान. आणि प्रपंचात शोधून ईश्वर सापडला नाही म्हणून तो नाहीच म्हणणे, हेही अन्यथाज्ञानच. दोघेही प्रपंचाच्या मापाने परमेश्वरास मोजू पाहतात.

मग हा विस्मय व्यर्थ काय? नव्हे. त्याने 'मी'पणा क्षणभर गळतो, हा लाभच आहे. परंतु विस्मय म्हणजे भक्ती नव्हे. नवे चित्र आले की जुन्याचा विस्मय ओसरतो. स्मरणाने मात्र प्रेम वाढतच जाते.

दृष्टांत : १९९० साली हबल अंतराळात गेली, तेव्हा तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशात केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा दोष राहिला होता. तेवढ्याने चित्रे धूसर येत. दुर्बीण आपला दोष आपण दूर करू शकली नाही. १९९३ साली अंतराळवीर तिच्यापर्यंत गेले, तिला जणू चष्मा बसविला, तेव्हा ती स्पष्ट पाहू लागली.

दार्ष्टांतिक : तद्वत् अनादि अविद्येने जीवाची दृष्टी धूसर आहे. तो स्वबळे ती निर्मळ करू शकत नाही. परमेश्वर कृपावशे अवतार धारण करून त्याच्यापर्यंत येतो व ज्ञान देतो, तेव्हाच त्यास परमेश्वर कळतो.

म्हणून आकाश जरूर पाहावे, विज्ञानाचा आदर करावा. शरण मात्र परमेश्वरासच जावे.

दंडवत प्रणाम.