मागणीपत्रावर सही होण्याआधी

चि. मैत्रेयी,

नेटवर्कच्या चाचण्या आपोआप चालवायला केवढा सर्व्हर मागू, असं विचारलंस. सॉफ्टवेअरच्या पत्रकातली ‘किमान गरज’ जशीच्या तशी उतरवू नकोस. तो आकडा प्रोग्रॅम उघडण्यापुरता. तुझ्या चाचण्या त्यात धरलेल्या नसतात. मोजायचं काय, ते आधी ठरव.

राउटरचं कॉन्फिगरेशन तपासायचं, बीजीपीचे शेजारी जुळले का बघायचं, एवढंच असेल तर चार कोअर आणि आठ जीबी रॅम पुष्कळ झाली. पायएटीएस काय किंवा रोबोट फ्रेमवर्क काय, ही पायथॉनची साधनं बराच वेळ समोरच्या उपकरणाच्या उत्तराची वाट बघत असतात. मात्र पायएटीएस थेट विंडोजवर चालत नाही, तेव्हा लिनक्सच माग.

आभासी राउटर किंवा स्विच उभे करायचे म्हटलं की रॅम भराभर संपते. सिस्कोच्या आयओएसव्हीला अर्धा जीबी पुरतो, नेक्सस ९०००व्हीला आठ-दहा जीबी लागतात. असे आठ-दहा स्विच जोडायचे तर हिशेब तूच कर. शिवाय तुला मिळणारा सर्व्हर स्वतःच व्हीएम असेल, तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे असं सर्व्हरवाल्यांकडून लेखी घे. त्यावाचून केव्हीएम चालत नाही, आणि केव्हीएम नसेल तर राउटर बूट व्हायला इतका वेळ लागतो की चाचणी टाइमआउटवरच फसते, आणि राउटरमध्ये नसलेला दोष शोधण्यात आठवडा जातो.

खरी मेख वेगाच्या चाचणीत आहे. १० गिगाबिटच्या लिंकवर १५१८ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे ८ लाख १३ हजार जातात. ६४ बाइटच्या सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. १९९९ सालच्या आरएफसी २५४४ मध्ये इथरनेटसाठी दोन्ही आकार सांगितले आहेत, त्यामुळे लहान फ्रेम टाळून सुटका नाही. लिनक्स कर्नलच्या नेहमीच्या वाटेने एका कोअरला हे झेपत नाही. म्हणून टीरेक्ससारखं साधन डीपीडीके वापरून कर्नलला वळसा घालतं. त्याला डीपीडीकेच्या यादीतलं नेटवर्क कार्ड हवं, ह्यूज पेजेस राखून ठेवलेली हवीत, आणि दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये कार्ड ज्या सॉकेटला जोडलंय त्याच सॉकेटचे कोअर हवेत. खरेदी विभाग म्हणेल, दहा गिगचं कार्ड ते दहा गिगचं कार्ड, हे स्वस्त आहे. ऐकू नकोस, मॉडेल नंबरासकट लिही. ही पेटी वेगळीच माग. तिच्यावर आभासी राउटर चढवलेस तर मोजलेल्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

घड्याळं सगळीकडे एनटीपीने जुळवून घे, नाहीतर लॉग ताडून बघता येत नाहीत.

डिस्कबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. १० गिगाबिटची भरलेली लिंक जशीच्या तशी टिपली तर सेकंदाला जवळपास सव्वा जीबी, मिनिटाला ७५ जीबीच्या घरात. तेव्हा कॅप्चर फसलेल्या चाचणीपुरतंच ठेव, तेही प्रत्येक फ्रेमचे पहिले १२८ बाइट. हे धरून खर्डा कर आणि वरिष्ठांकडे देण्याआधी मला पाठव.

तुझा,
मामा