पेन ड्राइव्ह दिसतो, मग हार्ड डिस्क का नाही?

आमच्या वर्गाचे धडे एका हार्ड डिस्कमध्ये आहेत. ती शाळेच्या संगणकाला लावली की नुसती टिकटिक करते, दिसत नाही. पेन ड्राइव्ह मात्र त्याच पोर्टला लगेच दिसतो. म्हणजे पोर्ट बिघडलेला नाही.

यू.एस.बी. १९९६ साली आली. ती तयार करणाऱ्यांत बडोद्याचे अजय भट्ट होते. साध्या पोर्टमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन माहितीच्या. साधा पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो, निळा ९००. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, तिला वीज जास्त लागते. वर हब लावून चार वस्तू जोडल्या तर भाकरी एक आणि खाणारे चार! म्हणून हब काढून डिस्क संगणकाच्या मागच्या पोर्टला सरळ लावावी. तिथे ती दिसली.

पालकांनो, मोबाइल लावल्यावर चार्ज होतो पण संगणकात दिसत नाही ना? मग दुकानात न्यायच्या आधी वायर बदलून बघा. काही वायरींत माहितीच्या तारा नसतातच, फक्त विजेच्या असतात.

आमच्याकडे चाकणच्या ट्रकांची धूळ फार. पोर्ट साफ करायचा तर संगणक बंद करून मऊ ब्रश फिरवायचा. टाचणी घालायची नाही, पट्ट्या वाकतात.

– इयत्ता ४ थी