मार्था, मरीया आणि आपले अश्रू

शास्त्रवाचन : योहान ११:१७-४४; १ थेस्सलनीकाकर ४:१३-१८



पाड्यावर कुणी मरण पावले की सांत्वनाला आलेल्यांपैकी एखादा हमखास म्हणतो, "रडू नका, तो प्रभूजवळ आहे." हेतू चांगलाच असतो. पण नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला त्यातून वेगळेच ऐकू येते. गेल्या पावसाळ्यात एका बहिणीचा मुलगा तापाने गेला. तिने मला विचारले, "ताई, मी रडले तर प्रभू रागावेल का?" तिच्या प्रश्नासाठी हा पाठ.

बेथानी हे गाव यरुशलेमेपासून सुमारे ३ किलोमीटर. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले तेव्हा येशू तेथे आला. मार्था त्याला भेटायला सामोरी गेली, मरीया मागून आली. दोघींचे गाऱ्हाणे मात्र एकच होते : प्रभू वेळेवर आला असता तर भाऊ वाचला असता. मला वाटते, ते चार दिवस दोघी घरात एकमेकींशी हेच बोलत असाव्यात. आपल्याकडेही मरण झालेल्या घरात हेच ऐकू येते. एक दिवस आधी दवाखान्यात नेले असते तर, गाडी मिळाली असती तर.

येशूने दोघींनाही दटावले नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेला त्याने काहीच शिकवले नाही. तिला रडताना पाहून तो स्वतः रडला. आणि लाजराला आपण उठवणार, हे त्याला ठाऊक होते! ईश्वरविज्ञान शिकताना मी या अध्यायातल्या चमत्कारावर पानेच्या पाने लिहिली. पाड्यांवर मला ३५ वे वचन अधिक उपयोगी पडले आहे.

त्या बहिणीला मी म्हटले, "रड गं, पोटभर रड." मग तिला पौलाचे पत्र वाचून दाखवले. थेस्सलनीकाची मंडळी आपल्या पाड्यांवरल्या मंडळ्यांसारखीच नवी होती. पौलाला तेथून लवकर निघावे लागले. पुढे त्यांच्यातले काही जण वारले आणि मागे राहिलेले गोंधळले : प्रभू येईल तेव्हा यांचे काय? पौल त्यांना शोक करायला मनाई करत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, इतकेच सांगतो. येशू मेला आणि पुन्हा उठला, म्हणून त्याच्यामध्ये निजलेल्यांनाही देव त्याच्यासोबत आणील. भेट होणार आहे. तिने तेवढा भाग मला पुन्हा वाचायला लावला.

आणखी एक गोष्ट पाहा. लाजराला हाक येशूने मारली, पण धोंड बाजूला करणे आणि प्रेतवस्त्रे सोडणे ही कामे त्याने जमलेल्या माणसांना सांगितली. आमच्या भागात ही धोंड कागदांची असते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी लागते. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळू शकतात. दुःखात बुडालेल्या विधवेने तहसील कार्यालयात एकटीने खेटे घालावेत का? पहिल्या दिवशी अंगणात उभे राहायला जागा नसते, महिन्याने मात्र त्या दारात कुणी फिरकत नाही.

गटचर्चेसाठी : गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीतल्या कोणकोणत्या घरी मरण झाले? त्या घरी शेवटचे कोण, केव्हा गेले होते?