घटक ६ : तंत्रज्ञानविषयक बातमीचे वाचन

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• समाजमाध्यमे व तंत्रज्ञान यांविषयीची बातमी तिच्या शेवटापर्यंत कशी वाचावी, हे सांगता येईल.
• बातमीतील क्रियापद, तारीख आणि माहितीचा स्रोत यांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• ऐकीव माहिती आणि खात्रीची माहिती यांतील भाषिक भेद ओळखता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वसई येथील एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला संदेश मला दाखवला. गटात आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास कलम ६६-अ नुसार ॲडमिनला अटक होईल, असा त्याचा आशय होता. ती स्वतःच त्या गटाची ॲडमिन होती. टँकर केव्हा येणार, सभा केव्हा आहे, हे साऱ्या रहिवाशांना त्याच गटावरून कळत असे. तरीही तो बंद करण्याचे तिने ठरवले होते. "सर, रोज नवीन नियम येतात. कुठे कुठे लक्ष ठेवायचे?" असे तिने विचारले.

प्रश्न रास्त आहे. नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक नव्या ॲपची वा नियमाची बातमी वाचणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याशी संबंधित असलेली बातमी मात्र शेवटपर्यंत वाचली पाहिजे. ज्या कलमाच्या भीतीने ही विद्यार्थिनी गट बंद करू पाहत होती, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले होते. त्या कलमाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच जिल्ह्यात घडला आहे.

६.३ पालघरची घटना

विरारहून डहाणूकडे जाताना वैतरणा, सफाळे आणि केळवे रोड या स्थानकांनंतर पालघर येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा मजकूर पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-अ होते. पुढे त्यांना जामीन मिळाला आणि प्रकरण मागे पडले. परंतु या अटकेची चर्चा देशभर झाली. त्याच महिन्यात श्रेया सिंघल या तरुणीने या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

६.४ वाद शब्दांच्या अर्थाचा

भाषेच्या विद्यार्थ्यांनी हा खटला आवर्जून समजून घ्यावा. संगणक वा मोबाइलवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे, किंवा 'त्रास' वा 'गैरसोय' व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवणे, हा या कलमानुसार गुन्हा होता. या शब्दांची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. 'चोरी' म्हणजे काय, हे कृतीवरून ठरवता येते. 'त्रासदायक' काय, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. एकाला जे बोचते ते दुसऱ्याला बोचत नाही. असा श्रोतृसापेक्ष शब्द गुन्ह्याचा आधार झाला, तर आपण गुन्हा करीत आहोत की नाही, हे बोलणाऱ्याला आधी कळणारच नाही.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम संदिग्ध आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारे ठरवून संपूर्णपणे रद्द केले.

६.५ बातमीचा उरलेला भाग

अनेक वाचकांच्या लेखी ही बातमी येथे संपली. प्रत्यक्षात दोन गोष्टी उरल्या होत्या.

पहिली गोष्ट त्याच निकालात होती. ६६-अ रद्द करताना न्यायालयाने कलम ६९-अ वैध ठरवले. विशिष्ट कारणांसाठी संकेतस्थळे व ॲप यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला या कलमाने मिळतो. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली, ती याच कलमाखाली. शीर्षकापाशी थांबलेल्या वाचकाला हा संबंध उमगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रद्द झाल्यानंतरही वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त केले. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी ६६-अ खाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश निघाला. शिवाय हे कलम छापणाऱ्या कोणत्याही प्रकाशनाने ते घटनाबाह्य ठरल्याचे वाचकाला सांगावे, असेही न्यायालयाने बजावले. म्हणजे बातमी शेवटपर्यंत न पोहोचल्याची किंमत माणसांनी खटल्यांच्या रूपाने मोजली.

६.६ वाचनाची पद्धत

(अ) क्रियापद पाहा. 'विधेयक मांडले', 'संमत झाले', 'अंमलात आले', 'रद्द झाले' ही वेगवेगळी टप्पेदर्शक क्रियापदे आहेत. ६६-अ आणणारी दुरुस्ती संसदेने डिसेंबर २००८ मध्ये संमत केली. ती अंमलात आली २७ ऑक्टोबर २००९ रोजी.

(आ) तारीख पाहा. अग्रेषित संदेशावर दिसते ती तो आपल्याला मिळाल्याची वेळ. त्यातील मजकूर दहा वर्षे जुना असू शकतो.

(इ) 'म्हणे' शोधा. "उद्या पाणी येणार नाही म्हणे," असे आपण बोलतो. ही माहिती ऐकीव आहे, तिची हमी मी देत नाही, हे मराठी भाषक या एका शब्दाने सांगतो. अग्रेषित संदेशातून नेमका हाच शब्द गळतो आणि ऐकीव गोष्ट ठाम विधानाचे रूप घेते. स्रोत नसलेल्या प्रत्येक विधानापुढे मनातल्या मनात 'म्हणे' लावून पाहा. विधान डळमळले, तर मूळ आदेश वा निकाल शोधा.

त्या विद्यार्थिनीने हेच केले. शोधताना तिला आणखी एक निर्णय सापडला. केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या मजकुरासाठी कोणाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. समान हेतू वा पूर्वनियोजन असल्यास गोष्ट वेगळी. अर्थात, काहीही लिहिण्याची मुभा आहे, असा याचा अर्थ नव्हे. द्वेष पसरवणाऱ्या मजकुराविरुद्ध १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तरतुदी आहेत. तिने गट चालू ठेवला आणि त्यावर खुलासा लिहिला, तारखांसह.

६.७ सारांश

तंत्रज्ञानाच्या बातम्यांबरोबर राहणे म्हणजे सर्व काही वाचणे नव्हे. आपल्याला लागू होणारी बातमी निवडून तिचा टप्पा, तारीख आणि स्रोत तपासणे, व ती कोठे संपली हे पाहणे, म्हणजे जाणते वाचन होय. अर्धवट बातमी विनाकारण भीती निर्माण करते आणि भ्यालेला माणूस आपला हक्क आपणहून सोडून देतो.

६.८ स्वाध्याय

१. 'त्रासदायक' हा शब्द कायद्यात संदिग्ध का ठरतो? पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. तुमच्या बोलीत ऐकीव माहिती दर्शवणारे कोणते शब्द आहेत? कुपारी, वाडवळी, आगरी, वारली किंवा अन्य बोलीतील तीन वाक्ये नोंदवा.
३. उपक्रम : तुम्हांला आलेला नियमविषयक एक अग्रेषित संदेश निवडा. त्याचा टप्पा, तारीख व स्रोत शोधून शंभर शब्दांत खुलासा लिहा आणि तो त्याच गटावर पाठवा.