शेतकऱ्याच्या घरात मधुमेह कोठून येतो?



"फादर, आम्ही चिखलात उभे राहून भात लावणारी माणसे. साखरेचा आजार शहरातल्या बैठ्या लोकांचा!" असे आपल्या धर्मग्रामात पुष्कळदा ऐकू येते. ही समजूत खरी की खोटी, हे एकदोन रोगी पाहून ठरत नाही. एखादा लठ्ठ मनुष्य ऐंशी वर्षे धडधाकट राहतो, तर एखादा काटकुळा चाळिशीतच गोळ्यांना लागतो. त्यासाठी गावेच्या गावे घ्यावी लागतात, आजार होण्यापूर्वीच सर्वांची मोजमापे लिहून ठेवावी लागतात आणि मग वाट पाहावी लागते. दानीएलाने भाजीपाला व पाणी घेऊन, दहा दिवसांनी आपले चेहरे राजाचे अन्न खाणाऱ्यांशी ताडून पाहा, असे सांगितले होते. तीही तुलनाच, पण मधुमेहाच्या बाबतीत दहा दिवसांनी भागत नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत असे काम सुरू केले. वस्ती बहुतेक शेतकऱ्यांची. दोन हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. ज्यांना दिवस गेले, त्या काय खातात, शेतात किती राबतात, पाणी किती वाहतात, हे सर्व टिपले गेले. या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. येथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, परंतु पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीचे!

ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरदार होती. ज्या गरोदरपणी फार कष्टत, त्यांची लहान. भाजी खाणारी घरे मुळातच सुस्थितीतील असतील, ही शंका कोणालाही येईल. संशोधकांनाही आली, व अशा गोष्टींचा हिशेब करूनही संबंध उरला. शिवाय तीनपैकी सुमारे दोन मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, भाजीपाल्यातून नाही. (दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र कोणी बंद करू नयेत.)

तीच मुले अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. त्यांतील जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही शंभरात ३७ मुलगे व १८ मुली यांच्या रक्तातील साखर असावी त्याहून अधिक निघाली. ज्यांची साखर लहानपणीच इतरांपेक्षा थोडी वर होती, त्यांच्यात हे अधिक दिसले. बारीक अंगाचा भरवसा येथे संपतो.

आपल्या सुरत जिल्ह्यात भाताची लावणी पावसात येते, ऊसतोड हिवाळ्यात. गरोदर सून दोन्हीकडे वाकलेली असते, आणि जेवते सर्वांत शेवटी. भाजी तोवर पातेल्याच्या तळाशी गेलेली असते. हे मी घरोघरी पाहिले आहे, व सासूबाईंपेक्षा घरच्या पुरुषांना अधिक बोल लावतो. डोक्यावरचा भारा व पाण्याचे हंडे तिच्याकडून काढून घ्या. परसात मेथी, तांदुळजा, शेवगा लावा. डेअरीला दूध घालण्याआधी तिचा पेला बाजूला काढा. कोंबडीची अंडी सर्वच बाजारात नेऊ नका. उपवासकाळात गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांवर उपवासाचे बंधन नाही. ज्यांना मन खाते त्यांनी मला येऊन विचारावे. आणि घरातला तरुण सडपातळ असला, तरी त्याची रक्तातील साखर एकदा सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्या, विशेषतः तो जन्मतः लहान होता असे आजीला आठवत असेल तर.