अंगदुखीची गोळी आणण्यापूर्वी

पावसाळ्यात पनवेल परिसरात तापाचे रुग्ण वाढतात. डोके ठणकते, अंग मोडून येते. मग घरातले कोणी औषधाच्या दुकानात जाऊन 'अंगदुखीवर चांगली स्ट्राँग गोळी द्या' म्हणून सांगते. चूक होते ती इथेच.

ताप डेंग्यूचा असेल तर रक्तातील प्लेटलेट्स कमी होतात. त्यात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून होणाऱ्या लेप्टोमध्ये मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. या गोळ्या त्यात भरच घालतात. म्हणून निदान होईपर्यंत साधी पॅरासिटॅमॉल बरी.

तिलाही मर्यादा आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीने ५०० मि.ग्रॅ.च्या एक किंवा दोन गोळ्या चार ते सहा तासांच्या अंतराने घ्याव्यात. २४ तासांत आठांपेक्षा अधिक नकोत. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असते. दोन्ही घेतल्यास नकळत मात्रा वाढून यकृताला अपाय होतो. तेव्हा पाकिटावरील मोठे नाव नव्हे, त्याखालचे बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. त्यांची मात्रा वजनावर ठरते.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्यावे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास दोन दिवस थांबू नये. रुग्णाला लगेच उपजिल्हा रुग्णालयात न्यावे आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, ते पाकिटासह डॉक्टरांना दाखवावे.